नातवाचा रणगाडा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरगावचा विद्वान वक्ता आणावा अशी आपली रीत आहे. यंदा ठरलेल्या बाईंना येणे जमले नाही आणि चिटणीसबाईंनी ऐन वेळी माझ्या गळ्यात हे काम घातले. मी काही विदुषी नव्हे. चौदा वर्षे लोकलचा प्रवास केला, नोकरी केली, निवृत्त झाले आणि आता नातू सांभाळते, एवढीच माझी पात्रता. तेव्हा बोलायचे ते नातवाविषयीच बोलावे असे ठरवले. विषय सांगितला तेव्हा चिटणीसबाई हसल्या. "अहो मावशी, रणगाडा आणि भुते यांचे वर्धापनदिनाला काय काम?" असे म्हणाल्या. परंतु या दालनात बसलेल्या किती जणींच्या घरी आज संध्याकाळी हाच रणगाडा चालू असेल, हे मी हात वर करायला लावून विचारत नाही. विचारले तर मोजता मोजता चहा निवेल.

प्रथम कबुली देते. आमच्या नातवाच्या हाती फोन दिला तो मीच. मुलगा आणि सून सकाळी सातच्या सुमारास स्टेशन गाठतात ते रात्री साडेआठला परततात. मूल जेवत नसे. वरणभाताचा घास तोंडात तसाच धरून बसे. मग समोर फोन उभा केला की आ करी. दोन वर्षांचा होता तेव्हा त्यात बडबडगीते होती, पाचाचा झाला तेव्हा मोटारी आल्या आणि आता नवव्या वर्षी त्यात रणगाडा आला. ताट रिकामे होते ना, मग झाले, असे मी मनाशी म्हणत आले. सुनेने दोनदा हटकले होते, "अहो आई, जेवताना नको." मी म्हटले, "तू दिवसभर घरी राहून भरवून बघ." हे बोलायला नको होते, पण बोलले खरी.

एका रविवारी दुपारी मुलाच्या फोनवर बँकेचे तीन निरोप पाठोपाठ आले. प्रत्येकी ७९९ रुपये, मिळून २,३९७. आधी कोणी फसवणूक केली असे वाटून घरात धावपळ झाली. मग उलगडा झाला की चिरंजीवांनी रणगाड्यासाठी सोन्याच्या नाण्यांच्या तीन पेट्या घेतल्या होत्या. फोन बापाचा, खात्याची जोडणी आधीच केलेली, परवलीचा शब्द विचारण्याची सोय बंद ठेवलेली, मग अडवणार कोण? सुनेने त्याला मारले. ती कधी मारत नाही. पोर रडले नाही. गॅलरीत जाऊन बसले आणि रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले, आले, कोणाशी बोलले नाही. आईने मारल्याचे दुःख तर होतेच, पण फोन कपाटात गेल्याचे दुःख त्याहून मोठे होते, हे त्याच्या तोंडावर दिसत होते. माझ्या काळजात चर्र झाले ते तेव्हा.

तिसऱ्या दिवशी मी कपाटातून फोन काढला आणि त्याला म्हटले, "मला शिकव." तो माझ्याकडे बघतच राहिला. "आजी, तुला जमणार नाही. झोंबी येतात." आता माझ्या पिढीला झोंबी म्हटले की आनंद यादवांची १९८७ सालची कादंबरी आठवते, तिला १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. झोंबणे, झटणे, झुंजणे हा आपला अर्थ. मी तसे म्हटल्यावर तो म्हणाला, "तसली नाही ग, मेलेली माणसं."

तर आता हा खेळ कसा असतो ते ऐका, कारण आपल्यापैकी बहुतेकींनी तो दुरून आणि रागाने पाहिला असेल. पडद्याच्या डाव्या कडेला एक लहानसा, गंजलेला रणगाडा असतो. तो उजवीकडे चालू लागतो. समोरून हिरवट अंगाची, फाटक्या कपड्यांची, हात पुढे केलेली मेलेली माणसे येतात. बोट दाबले की तोफ उडते. ती पडतात, नाणी सांडतात. रणगाड्याचे इंधन संपले किंवा चिलखत फुटले की फेरी संपली. मग दुकान उघडते. नाणी देऊन तोफ वाढवायची, चिलखत जाड करायचे, टाकी मोठी करायची, यालाच ती मुले 'अपग्रेड' म्हणतात. पुन्हा निघायचे, थोडे पुढे जायचे, पुन्हा मरायचे.

पहिल्या दिवशी मी अकरा वेळा मेले. नातू हसून हसून लोळला. तीन दिवसांनी तो प्रथमच हसला होता, म्हणून मला मरण्याचे काहीच वाटले नाही. पण खरे सांगते, सातव्या-आठव्या फेरीपासून मला गोडी लागली. पुढची तोफ घ्यायला चाळीस नाणी कमी पडत होती. चाळीसच! एक फेरी आणखी केली की झाले. ती फेरी केली. तोफ मिळाली आणि लगेच दिसले की आता पुढे जाडजूड झोंबी येतात, त्यांना ही तोफ पुरत नाही. गॅसवर दूध होते ते उतू गेले. पासष्टीच्या बाईची ही कथा, तर नऊ वर्षांच्या मुलाची काय सांगावी?

त्या रात्री मी वही घेऊन बसले. हिशेब हा माझ्या नोकरीतला विषय. प्रत्येक अपग्रेडची किंमत आणि एका फेरीची कमाई लिहीत गेले. पहिली तोफ दोन फेऱ्यांत मिळते, दुसरी पाचांत, तिसरी बारांत, चौथी जवळजवळ तीस फेऱ्यांत. कमाई वाढते खरी, पण किंमत तिच्यापुढे धावते. आणि नेमके जिथे मुलाचा धीर सुटावा तिथे दोन दारे उघडी ठेवलेली असतात. एक, तीस सेकंदांची जाहिरात पाहा आणि नाणी दुप्पट घ्या. दुसरे, पेटी विकत घ्या. आपल्या भिशीत बारा जणी असतील तर बाराव्या महिन्याला प्रत्येकीचा नंबर लागून जातो, भिशी मिटते. सोंगट्यांच्या पटाला शेवटचे घर असते. सापशिडीत शंभरावर पोहोचले की पट गुंडाळतात. या खेळाला शेवटचे घरच ठेवलेले नाही. खेळ फुकट आहे म्हणतात तो यामुळेच परवडतो.

शिवाय नाण्यांच्या पेटीत काय निघेल ते आधी कळत नाही. कधी रद्दी, कधी एकदम सोन्याची तोफ. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारल्यावर दर वेळी दाणा मिळत असेल आणि मग तो बंद झाला, तर कबुतर लवकर कंटाळते. परंतु दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही, असा अनियम ठेवला तर ते चोच मारीतच राहते. या विषयावरचे त्याचे फर्स्टर यांच्याबरोबरचे जाडजूड पुस्तक १९५७ साली निघाले. लॉटरीचे दुकान याच तत्त्वावर चालते. बेल्जियम देशाच्या जुगार आयोगाने २०१८ साली काही खेळांतल्या अशा पैसे देऊन उघडायच्या पेट्या जुगारातच मोडतात असा निर्णय दिला. आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला. पण आमच्या रणगाड्याला तो लागत नाही, कारण इथे पैसे फक्त जातात, जिंकून परत काही येत नाहीत. कायद्याच्या भाषेत हा जुगार नव्हे. असो.

आता ही मेलेली माणसे आली कुठून? मला वाटले होते इंग्रजांची भुते असतील. तसे नाही. हैती नावाचे एक बेट-राष्ट्र आहे. तिथे फ्रेंचांच्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांना राबवीत. त्या लोकांमधली ही कल्पना. मेल्यावर तरी सुटका व्हावी, तर कोणी मांत्रिक प्रेत उठवून पुन्हा कामाला जुंपतो! म्हणजे झोंबी हा मुळात खाणारा राक्षस नव्हे, तर मरणानंतरही राबणारा गुलाम होय. १९३२ साली अमेरिकेत त्यावर पहिला मोठा चित्रपट निघाला आणि १९६८ साली जॉर्ज रोमेरो यांच्या चित्रपटाने त्याला माणसे खायला लावले. तेव्हापासून तो तसाच चालत आला आहे. आपल्या मराठीतही तो २०२२ च्या प्रजासत्ताकदिनी येऊन पोहोचला, 'झोंबिवली' या चित्रपटात, तेही आपल्या डोंबिवलीत! आदित्य सरपोतदार यांनी तो केला. त्यांनीच पुढे २०२४ साली कोकणातला मुंजा हिंदी पडद्यावर आणला. आमचा मुंजा पिंपळावर बसतो, त्याची इच्छा काय ती सांगतो. वेताळ तर कोडी घालतो. झोंबी मात्र बोलत नाही, मागत नाही, सरळ रेषेत चालत येतो. म्हणूनच खेळ बनवणाऱ्यांना तो सोयीचा. त्याला मारताना कोणाच्या मनाला टोचणी नाही, कोणत्या देशाचा वा धर्माचा राग नाही आणि यंत्राला त्याची चाल शिकवणेही सोपे. १९९७ साली 'कार्मागेडन' नावाचा खेळ निघाला, त्यात मोटारीखाली पादचारी चिरडायचे होते. ब्रिटनच्या परीक्षकांनी हरकत घेतली तेव्हा कंपनीने माणसांना हिरव्या रक्ताचे झोंबी करून टाकले आणि खेळ बाजारात आला. खेळ तोच. फक्त रंग बदलला.

नातवाला हैतीची गोष्ट सांगितली. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे ते आधीच थकलेले असतात?" मी म्हटले, "हो, फार." त्याने त्या दिवशी दोन फेऱ्या कमी खेळल्या असे मात्र नाही. उगीच खोटे कशाला सांगू?

झोंबीपेक्षा रणगाड्याने आमचे अधिक काम केले. टँक हा शब्द आपण इंग्रजी समजतो. पहिल्या महायुद्धात इंग्लंडात हे यंत्र गुपचूप तयार होत होते, तेव्हा कारखान्यातल्या माणसांना सांगितले होते की हे पाणी वाहून न्यायचे काम आहे. त्यावरून टँक नाव पडले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर तो प्रथम लढाईत उतरला. आणि पाण्याचा टँक हा शब्द तरी कुणाचा? कोशकार त्याचे नाते गुजराती टांकीशी आणि आपल्या मराठी टाक्याशी जोडतात. पोर्तुगीज भाषेतल्या तशाच शब्दाचाही त्यात हात असावा म्हणतात. १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीज राहिले त्या वसईत आपण बसलो आहोत. गडावरचे टाके तुम्ही पाहिलेले आहे, इथल्या वाड्यांतली बावखले पाहिलेली आहेत. नातवाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे रणगाडा म्हणजे पाण्याची टाकी?" आणि आठ दिवस आमच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीला तो तोफ म्हणत होता.

मग एक दिवस त्याने विचारले, "आजी, खऱ्या रणगाड्याला अपग्रेड असतं का?" मला उत्तर येईना. शोधले. असते! सेंच्युरियन नावाचा ब्रिटिश रणगाडा आपल्या सैन्यात होता. तो निघाला तेव्हा त्यावर सतरा पौंडी तोफ होती, पुढे वीस पौंडी आली आणि नंतर १०५ मिलिमीटरची. वजन पन्नास टनांच्या घरात. आत माणसे चार: एक चालवणारा, एक नेम धरणारा, एक गोळा भरणारा आणि एक अधिकारी. नातवाला चार माणसांचे मोठे नवल वाटले. त्याच्या रणगाड्यात कोणीच नसते. बोट त्याचे आणि रणगाडा त्याचा.

तेव्हा मी त्याला अरुण खेतरपाल यांची हकीकत सांगितली. जन्म पुण्याचा, १९५० सालचा. पूना हॉर्स ही त्यांची पलटण. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत ते 'फामागुस्ता' नावाच्या सेंच्युरियनवर होते. शत्रूचे रणगाडे एकामागून एक टिपले. आपल्या रणगाड्याला गोळा लागून आग लागली. बाहेर पडण्याचा हुकूम वरून आला तेव्हा त्यांनी नकार दिला, कारण तोफ अजून चालत होती. दुसरा गोळा लागला त्यात ते गेले. वय एकवीस वर्षे. मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. तो फामागुस्ता रणगाडा दुरुस्त करून नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जपून ठेवला आहे. याच पलटणीचे लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर मुंबईत जन्मलेले. त्यांनाही १९६५ च्या युद्धात मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

गोष्ट संपली तेव्हा नातू म्हणाला, "मग जाहिरात बघून परत आले नाहीत?" भगिनींनो, मला आधी हसू आले आणि मग हसू गेले. त्याच्या खेळात मेल्यावर एक बटण येते, जाहिरात पाहा आणि तिथूनच पुढे चला. त्याने ते थट्टेने विचारले नव्हते. त्याला सून समजावू लागली. मी म्हटले, राहू दे, आता त्याचे त्याला उमगू दे. त्या रात्री झोपताना त्याने विचारले, त्यांची आई कुठे होती. म्हणजे उमगत होते.

अशा खेळांनी मुले हिंसक होतात का, हा प्रश्न तुम्ही मला नक्की विचाराल. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ साली चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलामुलींची पाहणी प्रसिद्ध केली, तीत मारामारीचे खेळ खेळण्याचा आणि आक्रमक वागण्याचा संबंध त्यांना आढळला नाही. तेव्हा तोफ उडवली म्हणून पोर गुंड होईल ही धास्ती मी तरी सोडली आहे. आमच्या मुलानेही लहानपणी, नव्वदीच्या दशकात, टीव्हीला पिवळी कॅसेट जोडून विटांच्या भिंतींमधला रणगाडा खेळला होता. तो आज सरळमार्गी माणूस आहे, फार तर जरा विसराळू म्हणा. फरक एवढाच की ती कॅसेट एकदा विकत घेतली की पुन्हा पैसे मागत नव्हती आणि रात्री बातम्या लागल्या की टीव्ही सोडावाच लागे.

माझी काळजी वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत जागा दिली, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण त्याची खूण किती तास खेळला ही नाही. स्वतःला आवरता न येणे, इतर सगळे मागे पडून खेळच पुढे येणे आणि नुकसान दिसत असूनही तो न सुटणे, असे साधारण वर्षभर चालले तर तो आजार. तेव्हा सुटीत चार तास खेळणारे प्रत्येक पोर आजारी नव्हे, हे घाबरलेल्या आयांनी लक्षात घ्यावे. आणि जेवण, झोप, मित्र, सारे सुटलेले असेल तर "मोठा झाला की सुटेल" म्हणून बसूही नये, डॉक्टरांकडे जावे.

बंदीचे काय? चीनने २०२१ साली अठरा वर्षांखालच्या मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी एकेक तास एवढेच ऑनलाइन खेळ ठेवले. आपल्या सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी बंद केला, पण तो देशाच्या सुरक्षेच्या कारणासाठी. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या नावाने आला. २०२३ च्या माहिती-संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घेताना पालकांची खात्रीशीर संमती हवी, मुलांवर रोखलेल्या जाहिराती नकोत, असे म्हटले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, अंमल टप्प्याटप्प्याने व्हायचा आहे. चांगले आहे. पण आमच्या घरातला कायदा आम्हालाच करावा लागला.

तो असा. पहिले, फोनवरची खरेदी परवलीच्या शब्दाशिवाय होणार नाही अशी कळ सुनेने फिरवली. ती कळ पहिल्यापासून तिथेच होती, आम्हाला ठाऊक नव्हती. दुसरे, खेळताना नेट बंद. आमचा रणगाडा नेटशिवायही चालतो आणि नेट नसले की जाहिराती येत नाहीत. त्यामुळे नाणी दुप्पट होत नाहीत, हे खरे. नातवाने त्यावर मोठा कलह केला. तिसरे, वेळ घड्याळाने मोजायची नाही, फेऱ्यांनी मोजायची. "पाच मिनिटांत बंद कर" म्हटले की तो नेमका फेरीच्या मध्यात असतो आणि भांडण होते. "सहा फेऱ्या" म्हटले की सहावी संपल्यावर तो स्वतः फोन देतो. सात वेळा देतो, आठव्या वेळी देत नाही, हेही सांगून ठेवते. चौथे, जेवताना फोन नाही. हा नियम त्याच्यापेक्षा मला जड गेला. पहिले पंधरा दिवस ताटात अर्धा भात उरायचा आणि मी पदराआड डोळे पुसायची. आता जेवतो. भूक लागली की पोर जेवते, हे मी माझ्या मुलाच्या वेळी जाणत होते, नातवाच्या वेळी विसरले होते.

२,३९७ रुपयांचेही सांगून टाकते. मुलाने तक्रार नोंदवली, दोन पेट्यांचे पैसे परत मिळाले, तिसरीचे नाहीत. ती नातू दर महिन्याला खाऊच्या पैशांतून पन्नास रुपयांनी फेडतो आहे. सुनेने त्याला मारल्याबद्दल त्याच्याजवळ क्षमा मागितली. मी सुनेजवळ मागितली, ती अजून कोणाला सांगितली नव्हती, आज सांगितली.

एक गोष्ट मात्र माझ्याने सुटत नाही. फोन काढून घेतला तर संध्याकाळी पाच ते साडेआठ मुलाने जायचे कुठे? नवघर-माणिकपूरची नगरपरिषद होती, ती २००९ साली महापालिकेत गेली. वाड्या होत्या तिथे इमारती उभ्या राहिल्या. अंबाडी रोडवर मी एकटी रस्ता ओलांडताना रामनाम घेते, तर पोराला चेंडू घेऊन कसे पाठवू? म्हणून आमच्या इमारतीतल्या तीन आज्यांनी मिळून गाड्या लावण्याच्या जागेचा एक कोपरा सहा ते सात मोकळा ठेवण्याची परवानगी सोसायटीकडून घेतली आहे. दोन गाडीवाले अजून कुरकुरतात. परवा पोरांनी तिथे खडूने रणगाडा काढला, एक आत बसला, तिघे हात पुढे करून झोंबी झाले. त्यातला एक झोंबी दमून मध्येच खाली बसला. त्याला आमचा नातू म्हणाला, "बस, बस, ते थकलेलेच असतात."

नगरला आर्मर्ड कोअरने १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय उघडले आहे. मंडळाची यंदाची सहल कुठे न्यावी हा विषय पुढच्या बैठकीत आहे, तिथे मी त्याचे नाव सुचवणार आहे. नातवंडांनाही बरोबर घ्यावे. शिर्डी त्याच जिल्ह्यात आहे, तेव्हा ज्यांना रणगाड्यात रस नाही त्यांनीही हात वर करायला हरकत नाही. आणि ती खरेदीची कळ कुठे असते हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी चहाच्या वेळी आपापले फोन घेऊन उजवीकडच्या टेबलापाशी यावे. माझी सून तिथे बसली आहे.